हात मागे घेण्याचा हक्क

जिनिव्हा शहराजवळच्या एका मनोरुग्णालयात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक 47 वर्षांच्या बाई राहत होत्या. नवीन काहीच त्यांच्या मनात टिकत नसे. त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका त्यांना रोज अनोळखी वाटत. एदुआर क्लापारेद हे डॉक्टर त्यांना नेहमी भेटायचे, पण प्रत्येक वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागायची. एकदा क्लापारेद यांनी बोटांच्या बेचक्यात टाचणी लपवली आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. बाईंना टोचलं. थोड्याच वेळात त्या सगळं विसरल्या. डॉक्टरही विसरल्या, टाचणीही विसरल्या. मात्र क्लापारेद यांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा बाईंनी आपला हात झटकन मागे घेतला. कारण विचारलं तर त्यांना सांगता येईना. माणसाला आपला हात मागे घ्यायचा हक्क नसतो का, अशा अर्थाचं काहीतरी त्या गोंधळून म्हणाल्या. क्लापारेद यांनी 1911 साली हे प्रसिद्ध केलं.

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग स्मृतीचे प्रकार समजावण्यासाठी सांगतात. काय घडलं, कुठे घडलं, कोण होतं हे लक्षात ठेवण्यात मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. कशापासून जपून राहायचं हे शिकण्यात अमिग्डाला नावाच्या बदामाच्या आकाराच्या भागाचा. घटना अजिबात आठवत नसतानाही तिची भीती अंगात मुक्काम करू शकते. हे वाचून आजही थक्क व्हायला होतं. पण त्याच प्रसंगातली आणखी एक गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही. टाचणी टोचणारा माणूस डॉक्टर होता आणि टोचून घेणारी बाई रुग्ण होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिने हात मागे घेतला, तेव्हा खुलासा तिच्याकडेच मागितला गेला.

माणूस मोठ्या आजारातून उठतो, घरी येतो, रिपोर्ट चांगले येतात, पाहुणे नारळ-फळं घेऊन भेटून जातात. आणि तरी स्पिरिटचा वास आला की त्याला दरदरून घाम फुटतो. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळला की श्वास अडकतो. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. याला आता वैद्यकीय आघात म्हणतात. शरीराला हेतू वाचता येत नाही. श्वास चालू राहावा म्हणून घशात नळी घालणारा हात आणि गळा आवळणारा हात यांतला फरक बुद्धीला कळतो. अर्धवट शुद्धीत, औषधांच्या अंमलाखाली असलेल्या मेंदूला तो कळेलच असं नाही. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे लागणारा तणाव विकार, 1980 साली अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत आला तो मुख्यतः व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या हालांमुळे. आज आपल्याला माहीत आहे की आयसीयूतून वाचून आलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला पुढच्या वर्षभरात त्याची ठळक लक्षणं दिसतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हे प्रमाण सुमारे 12 टक्के आहे.

शरीर किती लवकर शिकायला लागतं, याचं उत्तर शोधणाऱ्या एका डॉक्टरची गोष्ट सांगायलाच हवी. कंवलजीत आनंद इंदूरला वैद्यकशास्त्र शिकले आणि ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तिथे ते नवजात अर्भकांच्या कक्षात काम करू लागले. तो 1980च्या दशकाचा पूर्वार्ध होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना त्या काळी जगभर अनेक ठिकाणी स्नायू ढिले करणारं औषध देत, सोबत फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड. म्हणजे बाळ हलू शकत नसे, रडू शकत नसे, आणि वेदनाशामक जवळजवळ नसायचं. बाळाची मज्जासंस्था अजून कच्ची आहे, त्याला वेदना जाणवत नाहीत, जाणवल्या तरी आठवत नाहीत, असं मोठमोठे तज्ज्ञ मानत. आनंद यांच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेहून परत आलेली बाळं फिकुटलेली, कोलमडलेली असतात. त्यांनी हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची भूल, दुसऱ्याला त्यासोबत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या रक्तात तणावाची संप्रेरकं कितीतरी कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. हे 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढची काही वर्षं ऑपरेशन थिएटरमधली रीत बदलण्यात गेली.

दहा वर्षांनी, 1997 साली, टोरांटोच्या अ‍ॅना टॅडिओ यांनी आणखी पुढचं दाखवलं. जन्मल्यानंतर लगेच सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांची झाल्यावर लसीच्या सुईला इतर मुलांपेक्षा जास्त रडत होती. सुंता करताना त्वचा बधिर करणारं मलम लावलेल्या मुलांची प्रतिक्रिया मलम न लावलेल्यांपेक्षा सौम्य होती. त्या बाळांना काही आठवत असेल का? आठवणे या शब्दाचा आपण जो अर्थ घेतो त्या अर्थाने नाही. तरी त्यांच्या शरीराने काहीतरी जपून ठेवलं होतं.

बाळांना वेदना होत नाहीत हा समज केवळ अज्ञानातून आलेला नव्हता, असं मला वाटतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वेदनेवर विश्वास ठेवणं गैरसोयीचं असतं. वैद्यकीय आघात आणि वैद्यकीय भेदभाव ही दोन प्रकरणं मला वेगळी करता येत नाहीत, ती याचमुळे. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: दुखतंय असं सांगणाऱ्याचं कोण ऐकतं?

आता आयसीयूत जाऊ. इथे मेंदू जे करतो ते फार विलक्षण आहे. गुंगीची औषधं, ताप, तुटक झोप, रात्रंदिवस जळणारे दिवे, यांमुळे अनेक रुग्णांना डेलिरियम होतो. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात, वात झालाय. बाहेरून पाहणाऱ्याला रुग्ण शांत पडलेला दिसतो. आत मात्र मेंदू मिळतील ते तुकडे जोडून गोष्ट रचत असतो. हवेची गादी फुगते-मिटते, म्हणून तो बोटीवर असतो. हातांना बांधलेल्या पट्ट्यांमुळे तो कैदेत असतो. नळ्यांचे साप होतात. औषध द्यायला येणारी परिचारिका विष घालायला येते, आणि पडद्यामागे लोक त्याचा काटा काढायचा बेत करत असतात. बरं झाल्यावर माणूस हे कुणाला सांगत नाही, कारण आपलं डोकं फिरलं असं लोक म्हणतील. ज्यांनी जीव वाचवला त्यांच्याविषयी असलं बोलायचं तरी कसं?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयात क्रिस्टिना जोन्स आणि रिचर्ड ग्रिफिथ्स यांनी अशा रुग्णांच्या आठवणी नीट गोळा केल्या. 2001 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष आपल्या सगळ्या अंदाजांच्या उलटा होता. आयसीयूतलं खरंखुरं काही, अगदी दुखलेलं-खुपलेलंही आठवणारे रुग्ण तुलनेने सावरत होते. फक्त भ्रम आठवणारे, ज्यांच्याकडे खऱ्या आठवणीचा एकही तुकडा नव्हता, त्यांची अवस्था वाईट होती. म्हणजे 'बरं झालं, त्याला काही आठवत नाही' असं म्हणत आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, तेव्हा कदाचित अडचणीची सुरुवात होत असते. वास्तव कितीही कटू असलं तरी त्याला सुरुवात असते, शेवट असतो. भ्रमाला दोन्ही नसतं. तो खोडून काढायला रुग्णाच्या हाताशी काही पुरावा नसतो.

हा पुरावा पुरवायचं काम स्कँडिनेव्हियातल्या परिचारिकांनी मनावर घेतलं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांत 1980-90च्या दशकांत त्यांनी बेशुद्ध रुग्णांच्या उशाशी वही ठेवायला सुरुवात केली. आज तुमचा ताप उतरला. आज तुमच्या मुलीने तुमच्या पायांना तेल लावलं. आज तुम्ही नळी ओढायचा प्रयत्न केलात म्हणून थोडा वेळ तुमचे हात बांधावे लागले. लिहायचं ते रुग्णाला उद्देशून, साध्या भाषेत, वैद्यकीय संज्ञा टाळून. घरच्यांनीही लिहायचं. जमलं तर फोटोही काढून चिकटवायचे. रुग्ण घरी गेल्यावर काही आठवड्यांनी ती वही त्याला द्यायची आणि शेजारी बसून त्याच्याबरोबर चाळायची. मग बोटीचा उलगडा हवेच्या गादीत होतो आणि कैदेचा त्या पट्ट्यांत. साप म्हणजे सलाईनच्या नळ्या होत्या हे आता कागदावर, तारखेसह, लिहिलेलं असतं.

जोन्स यांनी सहा युरोपीय देशांतल्या बारा रुग्णालयांमध्ये 352 रुग्णांवर याची चाचणी घेतली. वही लवकर मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना नव्याने पीटीएसडी झाला, वाट पाहावी लागलेल्यांपैकी 13 टक्क्यांना. हे 2010 साली प्रसिद्ध झालं. वहीसाठी औषध लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. मात्र 2019 साली फ्रान्समधल्या 35 आयसीयूंमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत दोन गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, हेही इथे नोंदवलं पाहिजे. या दोन निकालांकडे पाहताना मला वाटतं की कागद हे या उपचाराचं अर्धंच अंग असावं. आपल्या वहीतल्या पानांचा अर्थ आपल्याबरोबर लावणारं कुणी शेजारी असणं, हे दुसरं अर्धं.

असाच धडा एका अगदी वेगळ्या ठिकाणाहून मिळाला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल अपुरी पडून रुग्णाला जाग येणं ही फार दुर्मीळ घटना आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी दोन्ही देशांतून अशा घटना गोळा केल्या. 2014च्या त्यांच्या अहवालानुसार पूर्ण भूल दिलेल्या सुमारे 19,000 प्रसंगांपैकी एकात रुग्णाने आपणहून अशी तक्रार केली; सिझेरियनमध्ये हे प्रमाण बरंच जास्त, सुमारे 670 मध्ये एक. सगळ्यांत भीतिदायक काय होतं? कुणालाही वाटेल, वेदना. रुग्णांच्या सांगण्यात सर्वाधिक यातना देणारी गोष्ट होती ती हलता न येणं. स्नायू ढिले करणाऱ्या औषधाने पापणीसुद्धा हलत नव्हती. आपण जागे आहोत हे कुणाला कळवायचा मार्ग नव्हता. कित्येकांना वाटलं आपण मेलो, किंवा कायमचे लुळे झालो. याउलट, काय चाललंय याचा थोडा तरी अंदाज असलेली, किंवा त्याच क्षणी कुणीतरी 'काळजी करू नका, आम्हाला कळलंय' असं सांगितलेली माणसं पुढे चांगली सावरली. अहवालाने मग असा प्रसंग घडल्यावर काय करायचं ते ठरवून दिलं. भूलतज्ज्ञाने रुग्णाला समोरासमोर भेटायचं. त्याचं पूर्ण ऐकायचं. तो सांगतो ते खरं मानायचं. खेद व्यक्त करायचा. पुढच्या दिवशी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारपूस करायची.

सांगितलेलं खरं मानायचं. उपचाराच्या नियमावलीत हे लिहावं लागलं, कारण कित्येकांना आधी 'तुम्हाला स्वप्न पडलं असेल' असं उत्तर मिळालेलं होतं.

सांगण्याने आणि ऐकण्याने शरीरात खरोखर काही बदलतं का, अशी शंका येणाऱ्यांसाठी इटलीतल्या तुरीनचा एक प्रयोग आहे. फाब्रिझिओ बेनेदेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना वेदनाशामक समोर उभं राहून, सांगून दिलं. काहींना तेच औषध पडद्याआडच्या यंत्रातून, नकळत सोडलं. नकळत मिळालेल्या औषधाचा परिणाम कमी झाला; तेवढाच आराम पडायला जास्त मात्रा लागली. औषधाच्या गुणातला एक हिस्सा ते देणाऱ्या माणसाच्या शब्दांत होता. डोनाल्ड रेडेलमायर, जोएल कॅट्झ आणि डॅनियल काहनेमन यांनी 2003 साली कोलोनोस्कोपीच्या 682 रुग्णांवर केलेला अभ्यासही असाच चक्रावून टाकतो. तपासणी संपल्यावर नळीचं टोक आणखी थोडा वेळ, न हलवता, तसंच ठेवलं, म्हणजे शेवटची मिनिटं कमी त्रासाची गेली, तर एकूण तपासणी लांबूनही रुग्णांना ती कमी वेदनादायक वाटली. वेदना किती वेळ टिकली याचा हिशेब आठवण ठेवत नाही. ती कळस आणि शेवट धरून बसते.

मग ज्यांची वेदना मुळातच कमी लेखली जाते त्यांचं काय होत असेल?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात 2016 साली 222 गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही विधानं दाखवली. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, असं एक विधान त्यांत होतं. अशा खोट्या विधानांपैकी निदान एक तरी खरं आहे, असं जवळपास निम्म्यांना वाटलं. ज्यांना वाटलं त्यांनी काल्पनिक कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. यंत्रंही यातून सुटलेली नाहीत. कोविडमध्ये आपण घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर त्वचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतो. 2020 साली अमेरिकेत दिसून आलं की रक्तात प्राणवायू धोकादायक पातळीला उतरलेला असताना यंत्र 'ठीक' दाखवतंय, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं. धाप लागली आहे असं रुग्ण सांगतोय, यंत्र नाही म्हणतंय, आणि विश्वास यंत्रावर ठेवला जातोय.

आपल्याकडे हाच अविश्वास आणि हीच अवहेलना जातीच्या, गरिबीच्या, बाईपणाच्या वाटेने येते. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानमधल्या गावांत दलित मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात, आरोग्यसेवेत सर्वाधिक जाणवणारा भेदभाव स्पर्शाशी जोडलेला होता: तपासताना हात न लावणं, गोळी तळहातावर वरून टाकणं. दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर या गोळीची कुठली नोंद होत असेल? आणि प्रसूतिकक्षात कळा सोसताना ओरडलं म्हणून ऐकून घ्यावी लागणारी घाणेरडी बोलणी, मांडीवर बसणारी चापट, न सांगता केलेली आतली तपासणी, हे सगळं इतक्या बायकांनी इतक्या शांतपणे गिळलेलं आहे की त्याला आघात म्हणायचं त्यांच्या मनातही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली बाळंतपणातल्या अशा वागणुकीविरुद्ध स्वतंत्र निवेदन काढलं.

एखाद्या अख्ख्या शहराला असा आघात होऊ शकतो का? मुंबईत प्लेगच्या पहिल्याच हंगामात, ऑक्टोबर 1896 मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात 1897 साली गोरे सैनिक घरात घुसून आजारी माणसं शोधत, बायकांची तपासणी करत, माणसं उचलून छावणीत नेत. लोक आजारी माणसं दडवू लागले. राज्यकर्त्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या वेशीवर, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. तिथे सावित्रीबाई स्वतः रुग्णांना घेऊन येत. या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. साथ एकच होती. एका दारातून सैनिक आत शिरत होता, दुसऱ्या दारापर्यंत ओळखीचं माणूस हाताला धरून नेत होतं. दवाखान्याची भीती अडाणीपणाची आहे की अनुभवाची, हे ठरवण्याआधी हा फरक पाहिला पाहिजे.

समुपदेशकाचं, थेरपिस्टचं काम इथून सुरू होतं, आणि ते इतर आघातांवरच्या कामापेक्षा अवघड आहे. अपघातातून वाचलेल्या माणसाला सांगता येतं की तो ट्रक आता गेला. हृदयविकारातून वाचलेल्याला काय सांगणार? धोका त्याच्या छातीतच धडधडतोय. कोलंबिया विद्यापीठातले डोनाल्ड एडमंडसन यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं: इथे भीती भूतकाळाची कमी आणि भविष्याची जास्त असते, आणि तिच्यापासून पळून जायला जागा नसते, कारण ती शरीराच्या आतच असते. जिना चढताना नाडी जलद झाली की त्या रात्रीची आठवण. मग माणूस जिना टाळतो, फिरणं टाळतो, आणि हृदयाला ज्याची गरज आहे तेच बंद पडतं. एयाल शेमेश यांच्या अभ्यासांतून तर असं दिसलं की झटक्यानंतर पीटीएसडी झालेले रुग्ण औषधं चुकवतात. रोज सकाळी ती गोळी त्यांना झटक्याची आठवण करून देते, हे त्यामागचं एक कारण. जीव वाचवणारी गोळीच टाचणी होऊन बसते.

अशा माणसाला घरचे 'निष्काळजी' म्हणतात. चांगला थेरपिस्ट आधी ते नाव काढून टाकतो. मग दोघं मिळून घटनाक्रम मांडायला घेतात. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलांच्या तारखा, बायकोला आठवणारी संध्याकाळ, भावाने फोनवर काढलेला फोटो, जे मिळेल ते. कित्येकदा पहिली काही सत्रं यातच जातात आणि जायलाच हवीत. त्यानंतर अंगातल्या संवेदनांशी हळूहळू पुन्हा ओळख: हृदयतज्ज्ञाला विचारून, आधी दहा पायऱ्या, धडधड वाढू द्यायची, थांबायचं, ती आपोआप उतरते हे अनुभवायचं. पुन्हा चढायचं. मग रुग्णालय. आधी नुसतं फाटकापर्यंत, मग कँटीनमध्ये चहा, मग ओपीडीच्या बाकावर नंबर नसताना बसून येणं. यात जुनी भीती पुसली जात नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांमध्येही विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपसूक परतायची. होतं ते असं की जुन्या शिकण्याच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं, आणि सरावाने ते आधी हाताला लागू लागतं.

भेदभावातून आलेल्या आघातात मात्र या पद्धतीला एक मोठं पथ्य आहे. 'मला पुन्हा तसंच वागवतील' ही भीती समोरच्याच्या मनाचा खेळ असेलच असं नाही. उद्या सकाळी ते खरोखर घडू शकतं. तिला विचारांतली चूक समजून दुरुस्त करायला जाणारा थेरपिस्ट नकळत त्याच रांगेत जाऊन उभा राहतो, जिथे आधी न ऐकणारे उभे होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 साली या अन्यायाचं नेमकं वर्णन केलं: माणूस कोण आहे यावरून त्याच्या साक्षीची किंमत कमी करणं. म्हणून इथे आधी साक्ष ऐकायची. जे झालं ते चुकीचं होतं, हे स्पष्ट शब्दांत म्हणायचं. मग पुढच्या भेटीची तयारी करायची, आणि ती अगदी व्यवहारातली असते. डॉक्टरला द्यायची चार ओळींची चिठ्ठी: माझ्यासोबत पूर्वी असं घडलं आहे, हात लावण्याआधी सांगा, मी हात वर केला तर थांबा. सोबत कोण येणार, तपासणी कुठल्या मुद्द्यावर नाकारायची, दुसरा डॉक्टर कोण. दंतवैद्याच्या खुर्चीत हात वर करून थांबवायची खूण अनेकांना माहीत असते. ती खूण प्रत्यक्षात क्वचितच वापरावी लागते. ती हाताशी आहे हे ठाऊक असण्यानेच खुर्चीतला माणूस सैल होतो.

आघात झाल्यावर त्यावर उपचार करण्याबरोबर तो होऊच न देणंही शक्य आहे, आणि त्यासाठी काय लागतं हे पाहून मी पुन्हा थक्क होतो. ग्वाटेमालात 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात पहिलटकरणींच्या एका गटाला प्रसूतीभर एक सोबतीण दिली. ती नात्यातली नव्हती, परिचारिका नव्हती. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची. सुरळीत प्रसूती झालेल्या एकट्या बायकांना सरासरी 19.3 तास लागले, सोबतीण असलेल्यांना 8.8. त्या बायका बाळंतपणानंतर जास्त वेळ जाग्या राहिल्या, बाळाला जास्त कुरवाळलं, त्याच्याशी जास्त बोलल्या. पुढे मोठ्या संख्येने चाचण्या झाल्या. त्यांत तासांचा फरक इतका मोठा राहिला नाही, पण दिशा तीच राहिली. पंधरा हजारांहून अधिक बायकांच्या 26 चाचण्यांचा 2017 सालचा कोक्रेन आढावा सांगतो की सतत सोबत मिळालेल्या बायकांत सिझेरियन कमी होतात, आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी असतात.

भारत सरकारने 2016 साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला आत येऊ देण्याच्या सूचना काढल्या. 2017च्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने प्रसूतिकक्षातल्या सन्मानाच्या वागणुकीचे निकषही ठरवले. तरीही आई, सासू, बहीण दाराबाहेर बाकावर बसलेली दिसते, आणि याचं एक कारण अगदी साधं आहे: आत दोन टेबलांच्या मध्ये पडदा नसतो, दुसऱ्या बाईची लाज राखायची म्हणून कुणालाच आत घेत नाहीत. पडदा लावायला एक सळई आणि काही मीटर कापड लागतं. जिल्हा रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत ही मागणी कुणीही नागरिक लेखी देऊ शकतो.